त्याच्यावरही राज्य येऊ द्या

लहानपणी आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत एक तरी लिंबूटिंबू असायचा. वयानं बारका, धड पळता न येणारा, किंवा कुणाच्या तरी आईनं "ह्यालापण घ्या रे" म्हणून मागं लावून दिलेला. लिंबूटिंबूला आउट करायचं नाही, त्याच्यावर राज्य आणायचं नाही, त्याचे गुण मोजायचे नाहीत. तो खेळात असतो आणि नसतोही. चार वर्षांच्या पोराला ते चालतं, कारण दोन उन्हाळे गेले की तो मोठा होणार असतो आणि मग कुणी त्याची गय करणार नसतं.

मी विशेष शिक्षिका आहे. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या शाळांमधून आणि घरांमधून सोळा वर्षं फिरते आहे. अपंगत्व असलेल्या मुलाचं आपल्याकडे काय होतं, हे कुणी मला एका शब्दात सांगायला लावलं तर मी 'लिंबूटिंबू' हाच शब्द सांगेन. शाळेच्या पटावर नाव असतं, पण बाई त्याला प्रश्न विचारत नाहीत. घरात लाड होतात, पण काम कुणी सांगत नाही. लग्नाकार्यात नेतात आणि एका खुर्चीवर बसवून ठेवतात. वय वाढत जातं, दहा, पंधरा, वीस. लिंबूटिंबूपण मात्र सुटत नाही.

'समावेशन' हा शब्द सरकारी कागदांत फार येतो आणि वाचणाऱ्याला तो डोंगराएवढा वाटतो. त्याचा सोपा अर्थ हाच आहे की त्या मुलावरही राज्य यावं. ते कसं आणायचं, घरात, शाळेत आणि गल्लीत, तेवढंच इथं सांगायचा प्रयत्न करते.

अपंगत्व नेमकं असतं कुठं?

एक मुलगा आहे, नऊ वर्षांचा. मेंदूचा पक्षाघात, ज्याला डॉक्टर 'सीपी' म्हणतात. डोकं तल्लख, पाढे तोंडपाठ, पण पायांचे स्नायू ताठ. त्यामुळे चाकाची खुर्ची. त्याच्या शाळेचं जोतं दीड फूट उंच. शाळेनं रॅम्प बांधलेला होता आणि तपासणीच्या कागदावर 'रॅम्प : आहे' अशी नोंदही होती. मी टेप लावून मोजला. पाच फूट लांब भरला.

रॅम्पचा हिशेब अगदी साधा आहे. एक फूट चढायचं तर किमान बारा फूट लांबी लागते. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. त्या पाच फुटांच्या घसरगुंडीवरून खुर्ची वर न्यायला दोन माणसं लागायची आणि उतरताना त्याची आई खुर्ची उलटी धरून, पाय रोवत, एकेक पाऊल मागं यायची. एक दिवस आईला ताप आला, म्हणून मुलगा घरी. दुसऱ्या दिवशी पाऊस, सिमेंट निसरडं, म्हणून पुन्हा घरी. महिन्याच्या शेवटी हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे नुसती गैरहजेरी.

पुढे शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालक, जे स्वतः गवंडीकाम करतात, त्यांनी मनावर घेतलं. भिंतीलगत वळण घेऊन अठरा फुटांचा रॅम्प झाला. वळणावर खुर्ची फिरवायला सपाट जागा ठेवली, कडेला पाइपचा कठडा बसवला, वरून सिमेंट खरबरीत केलं. मुलाचे पाय आजही तेवढेच ताठ आहेत आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारीही तीच आहे. पण तो आता एकटा वर्गात येतो, आणि घंटेच्या आधी येतो.

आता मला सांगा, त्याचं अपंगत्व कुठं होतं? थोडं त्याच्या पायांत होतं, हे खरं. उरलेलं त्या तेरा फुटांच्या कमी पडलेल्या सिमेंटमध्ये होतं. शरीरातली अडचण आणि भोवतालानं उभी केलेली अडथळ्यांची भिंत, ही दोन मिळून अपंगत्व होतं, असं जगभरात आता मानलं जातं. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करारनामा याच विचारावर उभा आहे. भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला आणि त्याला धरूनच आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण), थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, असे पूर्वी मोजलेच न गेलेले त्रास त्यात आले. 'अपंग' म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त कुबडी येते, ती सवय आपण सोडायला हवी. समोरचं हसतं-पळतं मूलही एकवीसपैकी एखाद्या प्रकारात असू शकतं.

आईला धारेवर धरणं थांबवा

हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण मी ज्या घरात पहिल्यांदा जाते तिथं मुलाच्या आधी मला आईच दिसते, आणि ती बहुतेक वेळा मान खाली घालून बसलेली असते. ग्रहणात भाजी चिरली म्हणून. मागच्या जन्मीचं काहीतरी. तिच्या माहेरच्या रक्तातच असेल म्हणून.

ग्रहणाचा आणि फाटलेल्या ओठाचा काही संबंध नाही. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन येतं. आईबापांपैकी कुणी काही केलं म्हणून ते होत नाही. सीपीमध्ये जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच बाळाच्या मेंदूला इजा पोचलेली असते. फार आधी झालेलं बाळंतपण, बाळाला झालेली तीव्र कावीळ, मेंदूला प्राणवायू कमी पडणं ही त्यातली काही कारणं. स्वमग्नता लसीमुळे होत नाही आणि आईनं माया कमी केली म्हणूनही होत नाही. आते-मामे नात्यातली लग्नं आपल्या भागात अजून होतात आणि त्यानं काही आनुवंशिक आजारांची, अगदी जन्मजात बहिरेपणाचीही, शक्यता वाढते, हे मात्र खरं आहे. पण ही गोष्ट लग्न ठरवताना बोलायची असते. मूल झाल्यावर सुनेला टोमणे मारायला ती वापरू नये, ते लग्न तिनं एकटीनं ठरवलेलं नसतं.

आईबापांना रडू येणार. येऊ द्या. मनात ज्या मुलाचं चित्र रंगवलेलं होतं ते बाजूला ठेवून समोरच्या मुलाकडे बघायला वेळ लागतो. कुणाला महिना लागतो, कुणाला दोन वर्षं. 'सकारात्मक राहा' असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या पाहुण्यांपेक्षा, "मी सोमवारी तुमच्याबरोबर दवाखान्यात येतो" म्हणणारा दीर त्या घराच्या जास्त उपयोगी पडतो.

"आमच्यात समदी उशिराच बोलत्यात"

हे वाक्य मी किती आज्ज्यांच्या तोंडून ऐकलं असेल त्याला गणती नाही. "त्येचा बा तीन वर्षांनी बोलला, आता गप बस म्हटलं तरी बसतोय काय?" आजीचा धीर द्यायचा हेतू चांगला असतो. पण या धीरापायी जाणारी वर्षं पुन्हा मिळत नाहीत. पहिल्या काही वर्षांत मेंदू सगळ्यात वेगानं घडत असतो आणि त्या काळात दिलेले व्यायाम, उच्चारोपचार, कानाचं यंत्र यांचा जेवढा उपयोग होतो तेवढा नंतर होत नाही.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. चार महिन्यांत मान धरली नाही, नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष उलटून गेलं तरी चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी दाखवून घ्या. उशीर झालेलं प्रत्येक मूल अपंग निघतं असं मुळीच नाही. तपासून घेतलं आणि काही निघालं नाही, तर गेला तो एक दिवस.

ऐकण्याचं तर जन्मल्याबरोबर तपासता येतं. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी, न दुखणारी चाचणी आहे. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हा हिशेब बाळंतिणीच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा असं मला फार वाटतं. कारण 'ऐकू येत नाही' हे घरच्यांना दोन-अडीच वर्षांनी कळतं, तेव्हा भाषा शिकायचा सगळ्यात चांगला काळ शांततेत निघून गेलेला असतो.

यासाठी खर्चाची भीती बाळगू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची पथकं गावोगाव फिरतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी होते. शंका आलेल्या मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, त्याला 'डीईआयसी' म्हणतात. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा, गाडी कधी येणार ते त्या सांगतील. आणि गाडी यायची त्या दिवशी मुलाला मावशीकडे पाठवू नका. लाजेपोटी असं करणारी घरं मी पाहिली आहेत.

चड्डीची गोष्ट

गांधीनगरच्या बाजूला एका घरी मी जायची. मुलगा सात वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. (हा मानसिक आजार नव्हे. आजार औषधानं कमी-जास्त होतो. इथं समजण्याचा आणि शिकण्याचा वेग मुळातच कमी असतो, पण शिकणं थांबलेलं नसतं.) आई त्याला अंघोळ घालायची, कपडे घालायची, भरवायची. मी म्हटलं, चड्डी त्याला घालू द्या. आई म्हणाली, "शाळंची येळ हुत्या ओ मॅडम. मी पटकन घालतो की."

खरं आहे. तिनं घातली तर अर्ध्या मिनिटात होतं. पण ते अर्धं मिनिट ती पुढची चाळीस वर्षं देणार का, हा प्रश्न होता.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. चड्डी घालणं हे आपल्याला एक काम वाटतं, पण त्यात पायऱ्या असतात. पुढची बाजू ओळखायची, बसायचं, एक पाय घालायचा, दुसरा घालायचा, गुडघ्यापर्यंत ओढायची, उभं राहायचं, मांडीवरून वर घ्यायची, कमरेवर नीट बसवायची. आईनं सगळं करायचं आणि शेवटची पायरी, कमरेवर ओढणं, तेवढी फक्त त्याच्यावर सोडायची. दोन्ही अंगठे इलॅस्टिकमध्ये अडकवून द्यायचे आणि हात बाजूला घ्यायचे. ओढली की काम पुरं. "घातलीस की रे!" असं म्हणायचं, आणि खरोखरच ती त्यानंच पुरी केलेली असते. ती पायरी पक्की झाली की मांडीपासून. मग गुडघ्यापासून. मग घोट्यापासून.

पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं तर काय झालं असतं? त्याला चड्डीची पुढची बाजू ओळखता आली नसती, तो तिथंच अडकला असता आणि रोज सकाळी हरला असता. शेवटच्या पायरीपासून शिकवल्यामुळे तो रोज जिंकत होता. साडेतीन महिने लागले. आता तो मागची बाजू पुढं घालतो कधीकधी, आणि तशीच घालून मिरवतो. आईनं ती बदलू नये म्हणून मी तिच्या हातापाया पडले आहे.

ही पद्धत जवळजवळ सगळ्याला लागू पडते. बटण लावणं, दात घासणं, ताट धुणं, भाकरी तव्यावरून उतरवणं. मुलाला काय येत नाही याची यादी डॉक्टर देतातच. तुम्ही 'आता नुकतंच जमायला लागेल' अशी एक गोष्ट शोधा आणि तीच धरून बसा. शाबासकी देताना नुसतं 'गुड बॉय' नको, "आज तू स्वतः तांब्या भरून आणलास" असं केलेलं काम नाव घेऊन सांगा. आणि घरातलं एक काम त्याच्या नावावर लावा. छोटं चालेल, पण खरं हवं, म्हणजे त्यानं नाही केलं तर घर अडलं पाहिजे. एका घरात सगळ्यांच्या चपला ओळीत लावायचं काम मुलीकडे होतं, ते मला फारसं पटलं नाही, कारण नाही लावल्या तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. नंतर पिण्याचं पाणी भरायचं काम तिला दिलं. संध्याकाळी नळ गेला आणि घागर रिकामी निघाली तेव्हा आजोबा तिच्यावर ओरडले. मला बरं वाटलं. तिच्यावर राज्य आलं होतं.

भावंडांकडेही बघा. मोठी बहीण असेल तर तिला नकळत दुसरी आई करून टाकतात. नववीतल्या पोरीनं मैत्रिणीकडे जायचं सोडून भावाला सांभाळायचं, आणि तिची शहाणपणाबद्दल स्तुती करायची. ती बोलत नाही, पण तिला राग येतो आणि राग आल्याची लाजही वाटते. आठवड्यातला एखादा तास तिचा एकटीचा ठेवा. रंकाळा तलावावर फिरायला जा, भेळ खा, त्या वेळी घरचा विषय काढू नका.

चंदीची गोष्ट

शाळेत नेहमी विचारतात, "एका मुलासाठी वेगळं केलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का?" कोल्हापूरच्या माणसाला याचं उत्तर बाहेर शोधायला नको. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. त्यावर सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी हरकत घेतली, तेव्हा महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले, असं सांगतात. तिथं प्रत्येक घोडा आपापल्या तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधलेल्या पिशवीतून, चंदी (घोड्याचा दाणा) खात होता. महाराजांनी सगळी चंदी एकाच जाजमावर ओतायला लावली आणि घोडे सोडले. धट्टीकट्टी जनावरं तुटून पडली, लाथा झाडू लागली. अशक्त घोडे आणि शिंगरं लांब उभी राहून बघत होती. चंदी सगळ्यांसाठीच ओतलेली होती.

कायद्यात 'वाजवी सोय' म्हणतात तिला मी तोबरा म्हणते. कमी दिसणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसवणं. ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर बोलताना फळ्याकडे तोंड न करणं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची तोंडी परीक्षा घेणं. दहावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा, लिहिता न येणाऱ्याला लेखनिक. यानं पेपर सोपा होत नाही, प्रश्न तेच असतात. फक्त तोंडापर्यंत पोचायची सोय होते. या सवलतींची कागदपत्रं शाळेमार्फत आधीच जावी लागतात, तेव्हा दहावीच्या जानेवारीत जागं होऊ नका, नववीतच मुख्याध्यापकांशी बोला.

त्याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तो रुपया त्या काळी मोठा होता. "ह्याला शिकवून काय करायचंय" असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की मला तो दंड आठवतो.

मुलं विचारतात तेव्हा

"बाई, त्याची मान अशी का हलते?" वर्गात एखादं मूल असं विचारतं आणि मोठी माणसं लगेच 'शूऽऽ' करतात. करू नका. 'शूऽऽ' मधून पोरं एवढंच शिकतात की ही लाजेची गोष्ट आहे. साधं उत्तर द्या. "त्याच्या मेंदूकडून स्नायूंना निरोप नीट पोचत नाही, म्हणून हलते. दुखत नाही. तुझं बोलणं त्याला सगळं कळतं, उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, तेवढा थांब." मुलं "बरं" म्हणतात आणि पुढच्या गोष्टीकडे जातात. दया वगैरे त्यांच्या डोक्यात नसते, ती आपणच घालतो.

त्या रॅम्पवाल्या मुलाचं सांगायचं राहिलं. मधल्या सुट्टीत पोरं लगोरी खेळायची आणि त्यालाही घ्यायची, सगळे त्याचं कौतुक करायचे. तो मात्र एक दिवस रडत आला. मला वाटलं कुणी चिडवलं. म्हणाला, "मला आउट करीनात. मी काय बारका हाय?" मी पोरांना बोलावलं आणि नियम मीच सांगायच्या बेतात होते, पण गप्प राहिले, त्यांनाच ठरवू दिलं. दहा मिनिटं जोरदार भांडण झालं. त्याच्यासाठी रेघ चार पावलं जवळ. लगोऱ्या फरशीवर न रचता बाकावर रचायच्या, म्हणजे त्याचा हात पोचेल. चेंडू त्याच्या खुर्चीला लागला तरी आउट. शेवटचा नियम त्यानं स्वतः सुचवला. पहिल्याच डावात तो आउट झाला, आणि मी पाहिलं, त्याचा चेहरा असा काही फुलला होता!

स्वमग्न मुलांची गोष्ट वेगळी. तिथं अडचण बहुतेकदा आवाजाची, गर्दीची आणि अचानक बदलाची असते. आपल्या महाद्वार रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीत कानावर हात दाबून किंचाळणारं मूल हट्टी नसतं. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो त्याला खरोखर सोसवत नाही. त्याला गणपती दाखवायचाच नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी सातला, मंडप रिकामा असताना न्या. आदल्या दिवशी फोनवर त्या मंडपाचा फोटो दाखवून ठेवा, आधी काय, मग काय, घरी कधी, ते सांगा. कान झाकायचं साधन बरोबर असू द्या. पाच मिनिटांत "चला" म्हणाला तर चला.

साधी शाळा की विशेष शाळा, हा प्रश्न पालक मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत असं की बहुतेक मुलांनी गल्लीतल्या भावंडांच्याच शाळेत जावं. पण हे सगळ्यांना एका मापानं लावता येत नाही. पूर्ण कर्णबधिर मुलाला भरपूर खुणांची भाषा बोलणारी माणसं आजूबाजूला मिळाली तर त्याचं मन फुलतं, आणि खुणा शिकवल्या म्हणून बोलणं अडत नाही, ही भीती मनातून काढा. बौद्धिक अक्षमता जास्त असेल तर शेंडा पार्कातल्या 'चेतना'सारखी शाळा रोजचं जगणं ज्या बारकाईनं शिकवते, ते पन्नास मुलांच्या वर्गातल्या शिक्षकाला जमणं अवघड आहे. कायद्यानं निवड पालकांच्या हातात आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या, ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारमान्य शाळेनं अपंगत्वाकडे बोट दाखवून प्रवेश नाकारला तर तो भेदभाव ठरतो. "आमच्याकडे सोय नाही" असं तोंडी सांगितलं तर "तेवढं लिहून द्या" म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकदा सोय निघते. जे मूल अंथरुणातून उठूच शकत नाही, त्याला घरी येऊन शिकवायची तरतूदही आहे, माझी निम्मी फेरी त्याच कामाची असते.

कागदांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे. स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं) यांसाठी 'निरामय' आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. कार्ड काढलं तर पोरीचं लग्न ठरणार नाही, या भीतीनं कपाटात ठेवलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. त्या फायलीबरोबर सवलतीही कपाटात राहतात.

मुलगी वयात येते तेव्हाचं बोलायला आया कचरतात. पाळी येण्याआधी वर्षभर पॅडची सवय लावा, रंग दाखवा, बाहुलीवर दाखवा. आपल्या अंगाला कुणी कुठं हात लावायचा नाही, हे मुलाला आणि मुलीला दोघांनाही रोजच्या अंघोळीतच शिकवता येतं. 'त्याला काय कळतंय' म्हणून हे टाळलं की ते मूल सगळ्यात असुरक्षित होतं.

"आमच्यामागं ह्येचं काय?"

हा प्रश्न बाप विचारतात, आणि शक्यतो मी निघताना, दारात.

कोल्हापुरात याचं एक उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांनी १९८४ मध्ये इथं हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि उचगावच्या वसतिगृहातून कितीतरी मुलं शिकून, कामाला लागून बाहेर पडली. तिथं मुलाला पहिल्या दिवसापासून काम असतं, हे मी माझ्या सगळ्या पालकांना सांगते.

कागदाच्या बाजूनं बघायचं तर १८ वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमून देते. बँक, जमीन, वारसा यांत नंतर अडू नये म्हणून हे वेळेत करा. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, पण त्या मूठभरांना मिळणार. बाकीच्यांसाठी काम आपल्या गावातच शोधावं लागतं.

आमच्या भागातल्या एका दूध डेअरीत डाऊन सिंड्रोम असलेला एक तरुण आहे, बावीस वर्षांचा. सकाळी सहाला हजर. फॅटसाठी काढलेल्या दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या तो क्रमांकानं लावतो, म्हशीच्या एका ट्रेत, गाईच्या दुसऱ्या. आकडे वीसच्या पुढे त्याला सांगता येत नाहीत, पण बाटलीवरचा आकडा आणि ट्रेवरचा आकडा जुळवता येतो. सचिवांनी त्याला सुरुवातीला नुसतं बाकावर बसवून चहा द्यायला सुरुवात केली होती. त्याच्या बापानं हात जोडून सांगितलं, चहा नको, काम सांगा. दोन महिने बाटल्या चुकायच्या, सचिव पुन्हा लावायचे. पगार थोडा आहे, पण पाकिटातून, सही घेऊन मिळतो. सही म्हणजे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, फार मोठं.

मागच्या पावसाळ्यात तो चार दिवस तापानं झोपून होता. मी त्याच्या घरी बसले होते तेव्हा सचिव भिजत दारात आले. आत न येताच म्हणाले, "कवा येणार ह्यो? बाटल्या समद्या उलट्यापालट्या झाल्यात."